मुलांना बॅज नव्हता

सात मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावाची बातमी आली, त्या संध्याकाळी आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठिकाणांची यादी फिरू लागली. महाराष्ट्रातल्या पहिल्या वर्गात तीन नावं : मुंबई, उरण, तारापूर. ठाणं दुसऱ्या वर्गात. हा ग्रुप बायकांचा. एरवी त्यावर पार्किंगची भांडणं, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या आणि देवगडच्या पेट्या यांपलीकडे फारसं काही येत नाही. त्या रात्री तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या मुलीने लिहिलं, “आयोडीनच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात का? लहान मुलांना किती द्यायची? खाडीपलीकडे बीएआरसी आहे म्हणून विचारतेय.” बीएआरसी म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र. तिला दोन लहान मुलं आहेत, धाकटं अजून रांगतं. एकीने डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा टाकला, एकीने हात जोडले. तिसरीने सांगितलं, “घरात आयोडीनचं मीठ आहे ना, मग कशाला काळजी!” त्यावर अंगठे पडले आणि विषय पुन्हा आंब्यांवर गेला.

मला त्या मुलीचं हसू आलं नाही. मिठाच्या उत्तराचा मात्र राग आला, आणि दुसऱ्या दिवशी चहा उकळेपर्यंत मी दूधवाल्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. आपल्याकडे पिशवीतलं मीठ घरात येतं तेव्हा त्यात किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं, असा नियम आहे. अणुअपघाताच्या आणीबाणीत थायरॉइड वाचवायला मोठ्या माणसाला देतात ती पोटॅशियम आयोडाइडची गोळी १३० मिलिग्रॅमची, तिच्यात आयोडीन साधारण १०० मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीची भरपाई करायला साडेसहा किलो मीठ खावं लागेल. तीन वर्षांवरच्या मुलाला अर्धी गोळी, तरी सव्वातीन किलो. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रातल्या अपघाताची बातमी आली तेव्हा चीनमधल्या दुकानांतलं मीठ असंच लोकांनी उचलून संपवलं होतं. फिलिपिन्समध्ये तर मोबाइलवर निरोप फिरला, किरणोत्सारी पाऊस येतोय, मानेला बीटाडीन लावा. मनिलातल्या एका विद्यापीठाने त्या अफवेपायी वर्ग सोडून दिले. जिथे खरा ढग पोहोचलाच नाही तिथे शाळा-कॉलेजं बंद, आणि जिथे तो डोक्यावर होता तिथे? २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि १ मे रोजी कीव्हच्या रस्त्यावरून शाळेतली मुलं हातात झेंडे, फुगे घेऊन कामगार दिनाच्या संचलनात चालली.

चेर्नोबिलचं संचलन मला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं, मी पाचवीत होते. पण अप्पांमुळे ‘चेर्नोबिल’ हा शब्द घरात आला तो तेव्हाच. अप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. शाळा चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यालगतच्या एका गावात, जिथून सुरूच्या झाडांच्या वर प्लांटची, म्हणजे तारापूरच्या अणुवीज केंद्राची, चिमणी दिसायची. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हाच, पालघर वेगळं व्हायला २०१४ उजाडायचं होतं. वर्तमानपत्र बोईसरहून एसटीने दुपारी यायचं. अप्पा ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचत आणि भोवती दोन-चार नाखवा, एखादा डायमेकिंगच्या कारखान्यातला पोरगा, शेजारच्या काकू. रशियातला प्लांट फुटला म्हटल्यावर एक म्हातारा मान वळवून आपल्या चिमणीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, हा पण तसलाच का?” अप्पांनी तसलाच नाही असं सांगितलं. आपला अमेरिकन बनावटीचा, १९६९ पासून चाललाय, वगैरे. ते खरंच होतं, दोन्हींची रचना वेगळी. पण म्हाताऱ्याने पुढे विचारलं ते अप्पांना आलं नाही : “मग पोरांना काय होतं त्याच्यानं?”

ते कळायला जगालाही वेळ लागला. अणुभट्टीतून आयोडीन-१३१ बाहेर पडतं. त्याचं आयुष्य लहान, आठ दिवसांत निम्मं होतं. पण तेवढ्यात ते गवतावर उतरतं, गाय ते चरते, दुधातून ते मुलाच्या पोटात जातं आणि गळ्यातल्या थायरॉइडमध्ये गोळा होतं. थायरॉइडला खरं आयोडीन आणि हे आयोडीन यांतला फरक कळत नाही. मुलाची ग्रंथी लहान, दूध जास्त, म्हणून तेवढ्याच आयोडीनने मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त मार बसतो. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या लागून असलेल्या भागांत तेव्हा लहान असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून जास्त रुग्ण सापडले. बहुतेक जण उपचारांनी वाचले, हेही सांगायला हवं. शेजारच्या पोलंडने मात्र तीन दिवसांत कंबर कसली आणि एक कोटीहून जास्त मुलांना आयोडीनचं कडवट, तपकिरी द्रावण पाजलं. वाटप दवाखान्यांत आणि शाळांत झालं. सोसायटीतल्या त्या मुलीचा प्रश्न म्हणजे नेमका हाच. तिने अफवा पसरवली नव्हती. ग्रुपवरच्या सगळ्यांत शहाणा प्रश्न तिचाच होता, फक्त तो चुकीच्या दारात पडला होता. या गोळ्या घरोघरी डब्यात ठेवून आपल्या मनाने घ्यायच्या नसतात. त्या वेळेवर, सांगितल्यावर घ्यायच्या आणि त्या फक्त थायरॉइडलाच वाचवतात. शिवाय समोरच्या ट्रॉम्बेच्या डोंगराखाली संशोधनाच्या भट्ट्या आहेत, वीजकेंद्र नाही. हे सगळं मी तिला नंतर लिफ्टपाशी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग कुणाकडे मिळतात ते तर सांगा, काकू.”

आमच्या शाळेत सराव होत असे. तहसीलची गाडी यायची, भोंगा वाजायचा, आम्ही दारं-खिडक्या लावून घ्यायचो आणि ओला रुमाल नाकावर धरून जमिनीवर बसायचो. शाळेला खिडक्या होत्या, सगळ्यांना झडपा नव्हत्या. कौलांच्या फटींतून उन्हाच्या तिरप्या रेघा यायच्या आणि त्या रेघांत धूळ नाचायची. रुमालाला ओल्या सुताचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या सुक्या बोंबलांचा वास. मागच्या रांगेतला एक पोरगा रुमालाआडून माकडासारखे आवाज काढायचा आणि आम्ही हसू दाबत मरायचो. भोंगा पुन्हा वाजला की सुट्टी. अप्पा कागदावर सह्या करत, किती मुलं हजर, किती वेळात आत. केंद्राभोवती सोळा किलोमीटरचं वर्तुळ आखून त्यातल्या गावांसाठी हा बंदोबस्त असतो, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की कॉलनीतल्या मुलांचा सराव वेगळा आणि आमचा वेगळा.

कॉलनी म्हणजे प्लांटच्या लोकांची वसाहत. गेट, गेटवर शिपाई, आत डांबरी रस्ते, गुलमोहर, रात्रभर पेटलेले दिवे. अणुऊर्जा खात्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६९ मध्ये शिक्षणसंस्था काढली, तिची शाळा तिथे. प्रयोगशाळा, वाचनालय, खेळाचं मैदान, सगळं नीट. माझी एक मैत्रीण आत राहायची. तिचे वडील प्लांटवर, मूळचे केरळचे. चिंचणीच्या समुद्रावर ओळख झाली आणि टिकली. मी तिच्याकडे जायचे तेव्हा शिपाई नाव लिहून घ्यायचा. तिच्या शाळेच्या कपाटातली मायक्रोस्कोपं मी काचेबाहेरून पाहिली आहेत. आमच्या शाळेत एक पृथ्वीगोल होता, तो उत्तर ध्रुवाशी चेपलेला.

एक गोष्ट मात्र आज नकाशा उघडून बसले की टोचते. कॉलनी प्लांटपासून काही किलोमीटर आत, बोईसरच्या बाजूला. आणि घिवली, दांडी ही मच्छीमारांची गावं प्लांटच्या कुशीत. म्हणजे अणुभट्टी चालवणाऱ्यांची मुलं रात्री तिच्यापासून लांब झोपायची आणि ज्यांचा तिच्याशी काही संबंध नाही ती मांगेल्यांची पोरं जवळ. यात कुणाचा कावा नसेल. सुरक्षेच्या नियमाप्रमाणे नवी वसाहत लांबच बांधायची असते, जुनी गावं आधीपासून होती तिथे राहतात. तिसरा आणि चौथा, ५४० मेगावॉटचे संच आले तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. त्या मुलांच्या दप्तरात तीच पुस्तकं राहिली, गाव तेवढं बदललं. प्रकल्पग्रस्ताचा दाखला हा त्या भागात दहावीच्या गुणपत्रिकेइतकाच जपून प्लॅस्टिकमध्ये ठेवलेला कागद असतो.

मैत्रिणीच्या वडिलांना बॅज होता. शर्टाच्या खिशाला लावायचा, काम संपलं की तिथेच ठेवायचा. ठराविक दिवसांनी तो तपासून माणसाच्या अंगावर किती किरणोत्सार पडला ते मोजतात. मोजमाप ओलांडलं की काम बदलतात. हे तिने मला फार अभिमानाने सांगितलं होतं. मी घरी येऊन अप्पांना विचारलं, “मुलांना नसतो का बॅज?” अप्पा म्हणाले, “मुलं कुठे आत जातात?” उत्तर बरोबरच होतं. पण मुलं आत जात नाहीत, तशी मासळीही आत जात नाही. ती भट्टी थंड करून परत सोडलेल्या कोमट पाण्याच्या आसपास असते, असं कोळणी म्हणायच्या आणि पूर्वीसारखी मासळी लागत नाही म्हणून बोटं मोडायच्या. तपासणीवाले गाडी घेऊन यायचे, शेजारच्या काकूंकडून दूध, किनाऱ्यावरून मासळी, कुणाच्या वाडीतून भाजी घेऊन जायचे. पैसे रोख देत. काकूंना ते गिऱ्हाईक आवडायचं. दूध कुठे जातं, त्यातून काय निघतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

पोरांना काय होतं त्याच्यानं, या प्रश्नाची उत्तरं मी नंतर खूप शोधली. अपघात झाला तर काय होतं ते चेर्नोबिलने सांगितलं. अपघात नसताना, रोजच्या चालत्या केंद्राशेजारी काय होतं, तिथे गोंधळ आहे, आणि तो गोंधळ जसा आहे तसा सांगायला कुणी तयार नसतं. जर्मनीत २००७ मध्ये एक मोठा अभ्यास बाहेर आला. १६ केंद्रं, १९८० ते २००३ ही वर्षं, पाच वर्षांखालची मुलं. पाच किलोमीटरच्या आत रक्ताच्या कर्करोगाची साधारण १७ मुलं निघायला हवी होती, निघाली ३७. म्हणजे दुपटीहून जास्त. पण त्या केंद्रांतून बाहेर पडणारा किरणोत्सार इतका कमी होता की त्याने हे होऊ नये, हेही त्याच संशोधकांनी लिहिलं. ब्रिटनमध्ये नंतर तपासलं तर तसं ठळक काही सापडलं नाही. आकडा खरा, कारण बेपत्ता. केंद्राचे समर्थक दुसरं वाक्य वाचतात, विरोधक पहिलं.

ब्रिटनमधल्याच सेलाफील्ड अणुप्रकल्पाजवळच्या सीस्केल गावात १९८३ मध्ये मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा असाच गवगवा झाला होता. बापांना कामावर लागलेला किरणोत्सार मुलांत उतरला, असा एक तर्क पुढे आला. १९९३ मध्ये कोर्टात तो टिकला नाही. लिओ किनलेन नावाच्या संशोधकाने वेगळंच सुचवलं. कोपऱ्यातल्या, फारसं कुणी येत-जात नाही अशा गावात एकदम बाहेरून शेकडो कुटुंबं राहायला आली की नवे संसर्ग फिरतात, आणि क्वचित एखाद्या मुलात त्यातून हा आजार उद्भवत असावा. हे वाचलं तेव्हा मला कॉलनीची पहिली जत्रा आठवली. बंगाली, मल्याळी, तेलुगू, बिहारी मुलं, आमची वाडवळ-भंडारी-मांगेल्यांची पोरं, सगळी एकाच पाळण्यात, एकच बर्फाचा गोळा चोखत. पुढचा आठवडाभर शाळा खोकत होती. तर्क खरा की खोटा, ते मला ठरवता येणार नाही. पण प्लांट म्हणजे केवळ चिमणी नव्हे, तो माणसांचा एक लोंढाही असतो, हे त्या संशोधकाला दिसलं याचं मला अप्रूप वाटतं.

आपल्याकडचं चित्र आणखी विरळ. राजस्थानात रावतभाट्याला सुरेंद्र आणि संघमित्रा गाडेकर यांनी १९९१ मध्ये घरोघर फिरून पाहणी केली. केंद्राच्या दहा किलोमीटरच्या आतली गावं आणि पन्नास किलोमीटरपलीकडची गावं अशी तुलना केली. जवळच्या गावांत जन्मजात व्यंगं जास्त आढळली. हे दांपत्य गुजरातेत वेडछीचं, गांधीवादी, अणुविरोधी. म्हणून त्यांचे आकडे सरकारने मनावर घेतले नाहीत. उलट बाजूने, कर्मचाऱ्यांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची पाहणी टाटा मेमोरियलच्या मदतीने झाली आणि काही वावगं नाही, असं केंद्रं चालवणारं अणुवीज महामंडळ सांगतं. टाटा मेमोरियल १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्याच छत्राखाली आहे. टाटाच्या डॉक्टरांच्या सचोटीवर मी शंका घेणार नाही, आमच्या घरातली दोन माणसं त्यांनी वाचवलीत. खारघरच्या डोंगराखालचं त्यांचं केंद्र इथून जवळ, आमच्या सोसायटीतल्या कितीतरी जणी तिथे डबे पोहोचवायला गेल्या आहेत. तरीही ज्या खात्याची भट्टी त्याच खात्याचा दवाखाना आणि त्याच खात्याची शाळा, अशा वेळी ‘सगळं ठीक आहे’ हे वाक्य खरं असलं तरी हलकं होतं. ते दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं असतं.

माझ्या मावशीचं थायरॉइड काढलं तेव्हा तिला आयोडीन-१३१ पाजलं होतं. तेच, चेर्नोबिलवालं. ट्रॉम्बेच्या भट्टीत ते तयार होतं, आणि आमच्या वाशीतच अणुऊर्जा खात्याचं जे किरणोत्सर्गी औषधांचं केंद्र आहे तिथून देशभरच्या रुग्णालयांत जातं. मावशीला वेगळ्या खोलीत ठेवलं. दाराबाहेर पिवळी पाटी. जेवण दाराशी ठेवून नर्स मागे सरायची. घरी आल्यावर काही दिवस नातवाला जवळ घ्यायचं नाही, अशी सक्त ताकीद. दीड वर्षांचं ते पोर “आजी, आजी” करत तिच्या खोलीच्या बंद दाराला थापा मारायचं आणि मावशी आतून रडत गाणी म्हणायची. तिचा आजार बरा झाला. मी तेव्हापासून या पदार्थाचा नुसता द्वेष करू शकत नाही, आणि त्या बंद दारामुळे त्याच्यावर निर्धास्त विश्वासही ठेवू शकत नाही.

कॉलेजसाठी मी ठाण्याला आले. हॉस्टेलमध्ये नाव-गाव सांगायची पहिली रात्र, कुणी नौपाड्याची, कुणी मुरबाडची. मी तारापूर म्हटल्यावर एक मुलगी म्हणाली, “दिवा घालवा गं, ही चमकते का बघू.” दिवा घालवला. सगळ्या हसल्या, मीही हसले. वर्षभर माझं नाव ‘ट्यूबलाइट’ राहिलं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. पण २०१६ मध्ये जपानच्या योकोहामातल्या एका मुलाची बातमी वाचली तेव्हा तो अंधार आठवला. फुकुशिमाहून तिथे राहायला गेलेला तो शाळकरी मुलगा. वर्गातली मुलं त्याला जंतू म्हणायची, तुम्हाला नुकसानभरपाई मिळालीय म्हणून त्याच्याकडून पैसे उकळायची. मारायची. किरणोत्सार त्याच्या अंगाला चिकटला नव्हता, गावाचं नाव चिकटलं होतं.

फुकुशिमातल्या शाळांची हकिगत आपल्याकडे फार कमी लिहिली गेली. अपघातानंतर सरकारने एप्रिल २०११ मध्ये शाळांसाठी वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा धरली. मिलिसीव्हर्ट म्हणजे अंगावर पडलेला किरणोत्सार मोजायचं माप. आई-बाप खवळले. सरकारचेच एक सल्लागार, तोशिसो कोसाको, मुलांना हे लावणं मला मान्य नाही म्हणून कॅमेऱ्यासमोर रडत राजीनामा देऊन निघाले. महिन्याभरात सरकारला एक मिलिसीव्हर्टचं उद्दिष्ट ठेवावं लागलं. मैदानांची वरची माती खरवडली, पोहण्याचे तलाव बंद, बाहेर खेळायला तास ठरलेले. मुलं घरात बसून लठ्ठ झाली, तेव्हा बंद छपराखाली वाळू आणून त्यांच्यासाठी खेळायची जागा केली. आणि मुलांच्या गळ्यात बॅज आले. मी अप्पांना विचारलेले ते बॅज. पाठोपाठ थायरॉइडची सोनोग्राफी, पहिल्या फेरीतच सुमारे तीन लाख मुलांची, बरीचशी शाळेतच. इतक्या बारीक यंत्राने इतक्या गळ्यांत बघितलं की एरवी जन्मभर त्रास न देणाऱ्या गाठीही सापडतात. त्या सापडल्या, शस्त्रक्रिया झाल्या, आणि आता तिथले डॉक्टर आपसांत वाद घालतायत की शाळेच्या वेळात, सगळा वर्ग रांगेत उभा असताना, एखाद्या मुलीने ‘मला नको’ म्हणायचं तरी कसं. अजिबात न मोजणं वाईट म्हणावं, तर सगळ्यांना रांगेत उभं करून मोजणंही तितकं सरळ नाही.

हे सगळं मनात ठेवूनसुद्धा एक गोष्ट बोलायला हवी, जी प्लांटच्या विरोधातल्या सभांत सांगितली की लोक नाराज होतात. आमच्या किनाऱ्यावरच्या, डोंगरातल्या मुलांना जे प्रत्यक्ष झालं ते बहुतेक किरणोत्साराने झालं नाही. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत मुलं भुकेने आणि आजाराने पटापट दगावली, तेव्हा तो आमचाच ठाणे जिल्हा होता. डोक्यावरून उच्च दाबाच्या तारा जायच्या आणि खालच्या पाड्यांत रॉकेलची चिमणी जळायची. बोईसरची रासायनिक एमआयडीसी प्लांटच्या शेजारीच. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशात सगळ्यांत वरचं, ते अणुभट्टीमुळे नव्हे, या कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे आणि धुरामुळे. रात्री कुठे स्फोट झाला की गावं आधी प्लांटकडेच बघतात, मग कळतं की कुठल्या तरी कंपनीतली टाकी. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणूकडच्या धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरू लागली तेव्हा मुलं कित्येक दिवस मंडपाखाली शिकली. आणि नवी मुंबईतल्या आम्ही खाडीपलीकडच्या डोंगराकडे संशयाने बघतो, पण तुर्भ्या-कोपरखैरण्याच्या बाजूने रात्री येणाऱ्या त्या गोडसर, घशात बसणाऱ्या वासाला खिडकी लावून घेतो आणि झोपतो. त्या वासासाठी ग्रुपवर कुणी गोळी विचारत नाही.

अप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत, चिंचणीलाच असतात. मी त्यांना फोनवर ही सगळी कहाणी सांगत होते. त्यांच्या हजेरीपत्रकात एक गंमत असायची. नियमाप्रमाणे गैरहजर मुलापुढे नुसती खूण करायची. अप्पा शेवटच्या रकान्यात पेन्सिलने कारण लिहीत. ताप. खोकला. बोंबील, म्हणजे वाळत घातलेल्या बोंबलांवर राखण. आई कामाला. अंगावर चट्टे. पुन्हा चट्टे. भाऊ वारला. कित्येक वर्षांची एका गावातल्या मुलांची अशी नोंद होती ती. शहरातल्या कुठल्या इस्पितळाच्या दप्तरात ती सापडली नसती, कारण त्यातली निम्मी मुलं इस्पितळात गेलीच नव्हती. मी विचारलं, ती पत्रकं कुठे आहेत. “रद्दीत,” ते म्हणाले. “मुदत संपली की नाश करायची असतात. कुणी मागितली असती तर दिली असती.”

मग मी त्यांना माझी कल्पना सांगितली. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत पोषण आहाराचा फलक असतो : सोमवार अमुक उसळ, मंगळवार तमुक आमटी. त्याच्याच शेजारी दुसरा फलक लावायचा. या महिन्यात गावातल्या दुधात किरणोत्सार किती निघाला, मासळीत किती, विहिरीच्या पाण्यात किती, आणि त्यात एमआयडीसीचं रसायनही धरायचं. लोकांसाठीची मर्यादा वर्षाला एक मिलिसीव्हर्ट, निसर्गातूनच जगभर माणसाला सरासरी दोन-अडीच मिळतं, हेही तिथेच लिहायचं, म्हणजे आकडा बघून कुणी उगाच घाबरणार नाही. अहवाल निघतातच की. फक्त ते इंग्रजीत असतात आणि गावात नसतात. गुरुजींनी दर महिन्याला खडूने लिहायचं, झालं.

अप्पांना कल्पना आवडेल अशी माझी खात्री होती. ते थोडा वेळ गप्प होते, मग शाळामास्तरांच्या आवाजात म्हणाले, “आणि एखाद्या महिन्यात आकडा वर गेला तर? त्या दिवशी मुलं मलाच विचारणार. पालक मलाच विचारणार. मी फोन कुणाला करायचा, तो नंबर आधी त्या फलकावर लिही. मग बाकीचं बघू.”